लेन्स कोणती घेऊ, आणि ऐकू कुणाचं?

प्रश्न, थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवणाऱ्या ताईंचं पत्र आहे. काही वर्षांपासून त्या सुट्टीच्या दिवशी निसर्गदृश्यांचे फोटो काढतात. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स, दुसरं काही नाही. (मिमीचा आकडा लहान तेवढी लेन्स वाइड, जास्त दृश्य मावणारी; मोठा तेवढी टेली, लांबचं जवळ आणणारी.) यंदाच्या पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूला काढलेला भातलावणीचा फोटो त्यांनी बेळगावातल्या एका फोटोग्राफी ग्रुपमध्ये दाखवला. तिथले ज्येष्ठ सर म्हणाले, "लँडस्केपला वाइडच लागते. १०-२० घे, नाहीतर यात वेळ घालवू नकोस." दुसऱ्याने सांगितलं, आभाळ पांढरं फटक आलंय, ॲपमधून बदलून टाक. तिसरा म्हणाला, रंग उठत नाहीत. घरी आल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, यापेक्षा माझ्या मोबाइलवर बरा येतो. तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. आता भिशी उचलायची पाळी त्यांची आहे. त्या विचारतात, "या पैशात वाइड घेऊ की टेली? एवढ्या जणांत ऐकू कुणाचं? आणि जानेवारीत ग्रुपचं प्रदर्शन आहे, त्याला काही द्यावं की गप्प बसावं?" पत्रासोबत तीन फोटो पाठवले आहेत.

उत्तर:

ताई, आधी तुमच्या फोटोबद्दल बोलू, लेन्सचं मग बघू. भातलावणीचा फोटो मी बराच वेळ पाहिला. खाली चिखलणी झालेले वाफे, त्यांत उतरलेलं आभाळ. मध्यावर इरली पांघरून ओळीने वाकलेल्या बायका. त्यांच्यामागे झाडांची गडद रेघ, मग डोंगर, आणि वरचा जवळजवळ अर्धा फोटो नुसतं पांढरं आभाळ. डाव्या कोपऱ्यातून एक बांध तिरका निघतो आणि बरोबर त्या बायकांपाशी येऊन थांबतो. तो बांध तुम्ही बघून घेतलाय. रस्त्याच्या कडेला उभं राहून सहज टिपलेल्या फोटोत बांध असा येत नाही, त्यासाठी माणसाला दोन-चार पावलं इकडे तिकडे सरकावं लागतं. तुम्हाला दिसतं, याबद्दल मला शंका नाही.

अडचण अशी की १८ ला काढल्यामुळे त्या बायका फार बारीक झाल्या आहेत. ते इरलं आहे की दगड, हे फोटो मोठा करून बघावं लागतं. आणि जो डोंगर तिथे उभं राहिल्यावर एवढा जवळचा वाटतो, त्याची बोटभर पट्टी झाली आहे.

तुमच्या पत्रात लेन्स आहे, आभाळ आहे, सर आहेत, भाऊ आहे. त्या शिवारात असं काय दिसलं म्हणून तुम्ही गाडी थांबवली, ते मात्र एका ओळीतही नाही. बायकांची ओळ? पाण्यातलं आभाळ? की पावसात धूसर झालेला डोंगर? हे तिन्ही वेगवेगळे फोटो आहेत आणि तिन्हींना लागणारी लेन्स वेगळी आहे. तुम्ही तिन्ही एकात बसवायला गेलात. ग्रुपमध्येही तुम्ही ते सांगितलं नसणार. मग प्रत्येकाने आपल्या मनातला फोटो तुमच्या फोटोत शोधला आणि सापडला नाही म्हणून बोलून दाखवलं.

"लँडस्केपला वाइडच लागते" हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की नियमच वाटायला लागतो. सर मोठे आहेत, त्यांचा अनुभव मोठा आहे, पण हे वाक्य सगळीकडे लागू पडत नाही. दृश्यात जास्त मावावं म्हणून लोक वाइड घेतात. वाइड लेन्स जे मावतं ते सगळं लहानही करते, आणि तिच्या अगदी पुढ्यात जे असेल तेच मोठं दाखवते. पायाशी दाखवण्याजोगं काही असेल आणि तुम्ही त्याच्या हातभर जवळ जाऊ शकत असाल, तर ती कामाची. चोर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, तिथे गुडघ्यावर बसून १० ला फोटो काढा, वाइडचं सामर्थ्य कळेल. गच्च जंगलात, जिथे मागे सरकायला जागाच नसते, तिथेही ती हवी. देवळाच्या आवारातही हवी.

पण तुम्ही राहता तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना डोंगर अंगावर येत नाहीत. एकामागे एक अशा लांब आडव्या रांगा दिसतात, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकी. राजहंसगडावरून येळ्ळूरची शिवारं दिसतात ती खाली आणि लांब. उत्तरेला चिकोडी-हुक्केरीकडे तर माळ आणि ऊस, नजर अडेल असं काही नाही. असं दृश्य १० मिमीला काढलं तर खाली रस्ता, वर आभाळ आणि मध्ये एक बारीक रेघ उरते. रांगांवर रांगा दाखवायच्या तर लांबची लेन्स हवी. गंमत म्हणजे त्या लांबपणाची सुरुवात तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही वापरलेलीच नाही. पाठवलेले तिन्ही फोटो १८ चे आहेत.

एक प्रयोग करा. माळावर एकटं झाड आणि त्याच्यामागे लांबवर डोंगराची रांग, अशी जागा तुमच्याकडे रस्त्यालाच मिळेल. झाडापासून १० मीटरवर उभं राहून १८ ला फोटो काढा. मग ३० मीटरवर जा आणि ५५ ला काढा. दोन्ही फोटोंत झाड साधारण तेवढंच येईल, पण दुसऱ्या फोटोत डोंगर तिप्पट मोठा दिसेल. कारण सोपं आहे. तुम्ही वीस मीटर मागे आलात त्याने झाडाचं अंतर तिप्पट झालं, पण तीन-चार किलोमीटरवरच्या डोंगराला त्या वीस मीटरने काहीच फरक पडला नाही. पुढच्या आणि मागच्या वस्तूचं प्रमाण ठरतं ते तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावरून. लेन्स फक्त त्याला चौकट घालते. हे एकदा स्वतःच्या पायांनी चालून बघितलं की दुकानात गेल्यावर कुणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होत नाही.

अमेरिकेतल्या ॲन्सल ॲडम्स यांचं नाव तुमच्या ग्रुपमध्ये निघतच असेल. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यांनी १९४१ साली टिपला, तो निसर्गछायाचित्रणातला सर्वांत ओळखीचा फोटो म्हणता येईल. ८ बाय १० इंचाची निगेटिव्ह आणि २३ इंचांची लेन्स. निगेटिव्ह एवढी मोठी असल्यामुळे आजच्या हिशेबात, तुमच्या क्रॉप सेन्सरवर, ती साधारण ५५ मिमी होते. म्हणजे तुमच्या किट लेन्सचं दुसरं टोक. त्या फोटोत गाव आहे, दफनभूमी आहे, बर्फाचे डोंगर आहेत, चंद्र आहे, आणि वाइड कुठेच नाही. दुसरी गोष्ट अशी की ॲडम्स यांनी त्या एका निगेटिव्हच्या प्रती पुढे अनेक दशकं काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आभाळ उजळ, ढग दिसणारं. नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळं. एवढ्या मोठ्या माणसाचं स्वतःच्या फोटोबद्दलचं मत वर्षानुवर्षं बदलत राहिलं. तुम्ही मात्र तुमच्या फोटोचा निकाल एका संध्याकाळी लावून टाकलात.

आता त्या शेऱ्यांकडे येऊ. तुम्ही तिन्ही शेरे फेकून द्यावेत की तिन्ही मान्य करावेत, या पेचात आहात. दोन्ही करू नका. प्रत्येक शेऱ्यात दोष आणि उपाय असे दोन भाग असतात, ते वेगळे करा. आभाळ पांढरं आहे म्हणणाऱ्याने दोष बरोबर पकडलाय. त्या आभाळात काहीच नाही आणि त्याने अर्धा फोटो खाल्लाय. चुकला तो उपाय. ॲपमधून दुसरं आभाळ चिकटवलं तर वाफ्यांतल्या पाण्यात पांढरं आणि वर निळं, असा फोटो होईल. लावणी केलेल्या माणसाला तो खोटेपणा लगेच कळेल. आणि मुळात आपल्याकडे लावणीच्या दिवसांत आभाळ पांढरंच असतं, त्याची लाज कशाला? ते चौकटीबाहेर ठेवायचं. ५५ ला, डोंगराच्या माथ्यावर बोटभर जागा सोडून फोटो कापला असता तर हा प्रश्नच आला नसता.

सरांचंही तसंच. फोटोत पोकळी आहे हे त्यांना जाणवलं, म्हणून त्यांनी पुढ्यात काहीतरी मोठं असावं अशी अपेक्षा धरली आणि वाइड सुचवली. पोकळी खरी आहे. ती भरायला बांधावरून आणखी पुढे जाऊन बायकांच्या जवळ पोचणं हा एक मार्ग, आणि तिथेच राहून चौकट आवळणं हा दुसरा. पहिला मार्ग धरलात तर आधी त्यांना विचारा, वाकून काम करणाऱ्या माणसाचा फोटो न विचारता काढू नये.

रंग उठत नाहीत, हेही खोटं नाही. ओल्या पानांवर आणि पाण्यावर आभाळाचा पांढरा चकाकता थर बसतो, तो हिरव्याला धुऊन टाकतो. याला रंग गडद करणारा सॅच्युरेशनचा स्लायडर हा उपाय नव्हे. पोलरायझर फिल्टर लावा, तो थर निघून जातो आणि पानाचा मूळ रंग वर येतो. फक्त भाताच्या वाफ्यांवर तो पूर्ण फिरवू नका, नाहीतर पाण्यातलं आभाळही पुसलं जाईल आणि नुसता चिखल उरेल. डोळा लावून हळूहळू फिरवा, पानं हिरवी झाली पण प्रतिबिंब शिल्लक आहे तिथे थांबा. लेन्सच्या पुढच्या कडेवर व्यासाचा आकडा असतो, तो बघून फिल्टर घ्या.

भावाचं वाक्य मनाला लावून घेऊ नका. मोबाइल एका फोटोसाठी अनेक एक्स्पोजर एकत्र करतो, सावल्या उजळतो, रंग चढवतो, आणि हातभर लांबीच्या पडद्यावरही नाही, तळहाताएवढ्या पडद्यावर ते दाखवतो. तिथे तो उजवा दिसणारच. त्याच्या बोलण्यात तुमच्या फोटोबद्दल काहीच नव्हतं.

पुढच्या वेळी ग्रुपमध्ये फोटो दाखवाल तेव्हा "कसा आहे?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला "छान" किंवा "ठीक" याशिवाय उत्तर येत नाही. आधी काहीही न सांगता विचारा, नजर पहिल्यांदा कुठे गेली? कुठे अडकली? हाताने झाकायचं झालं तर काय झाकाल? ही उत्तरं वहीत लिहून घ्या. मग सांगा, मला अमुक दाखवायचं होतं, ते पोचलं का? क्रम उलटा केलात तर माणसं तुमच्या मनासारखं बोलतील. त्याच दिवशी वाद घालू नका, खुलासाही करू नका. "बरं सर, बघते" एवढं पुरे. आठवड्याने वही उघडा. एकमेकांशी न बोललेली तीन माणसं एकाच जागी अडखळली असतील तर तिथे खोट आहे, दुरुस्त करा. एकालाच खटकलं असेल तर ती त्याची आवड, आदराने बाजूला ठेवा. आणि शेरा फोटोबद्दल आहे की सांगणाऱ्याने स्वतः काढला असता त्या फोटोबद्दल, हे दर वेळी तपासा. ज्येष्ठांचे निम्मे शेरे दुसऱ्या प्रकारचे असतात, त्यात वाईट हेतू नसतो.

एक प्रत छापून त्या वाफ्यांवरही घेऊन जा. ज्यांचं शेत आहे, ज्या बायका ओळीत आहेत, त्यांना दाखवा. रोप लावायला उशीर झाला होता, पाणी जास्त धरलं होतं, ही अमुक आणि ती तमुक, असं काहीबाही त्या बोलतील. ग्रुपमधल्या कुणालाही न दिसलेलं त्यांना दिसेल, आणि पुढच्या जुलैत काय बघायचं ते तुम्हाला कळेल. प्रत त्यांच्याकडेच ठेवून या.

आता भिशीच्या पैशांचं. खरेदीआधी संगणकावर गेल्या दोन वर्षांतले स्वतःला आवडलेले फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत मिमीचा आकडा बघा. बहुतेक ५५ चे असतील आणि तरीही कडा कापाव्या लागल्या असतील, तर टेली. बहुतेक १८ चे असतील आणि मागे भिंत किंवा दरी होती म्हणून सरकता आलं नाही असं आठवत असेल, तर वाइड. बहुतेक १८ चेच, पण मागेपुढे व्हायला जागा असूनही तिथेच उभं राहून काढलेले, असं निघालं तर अजून कुठलीच नको. तुमचे तीन फोटो बघून मला तिसरं वाटतंय, पण तीन फोटोंवरून मी ठरवणार नाही.

म्हणून महिनाभर लेन्स ५५ वरच ठेवा, चिकटपट्टी लावून टाका हवं तर. एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर असताना लेन्सवरचा, हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद. किट लेन्स या आकड्यांवर एवढी धारदार चालते की १२ बाय १८ इंचांची प्रिंट सहज निघते. १८ वर असाल तेव्हा एफ/८ ला दोन मीटरवर फोकस धरलात तर मीटरभर अंतरापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं, पुढचं मऊ पडतं ही तुमच्या तिसऱ्या फोटोची तक्रार त्याने जाईल.

मग लेन्स मागून वापरा. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे ७०-२०० असतेच. चातुर्मासात आणि पौषात मुहूर्त नसल्यात जमा, त्या दिवसांत ती कपाटात पडून असते. रीतसर भाडं द्या, दोन दिवस घेऊन या. तुमच्या कॅमेऱ्याला बसते का तेवढं आधी विचारा. वाइडसाठी थेट सरांनाच विचारा, "सर, तुमची १०-२० एक रविवार वापरायला मिळेल का?" त्यांच्या सल्ल्याचा मानही राहील आणि तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. बहुधा ते स्वतःच सोबत येतील.

एवढं करूनही घ्यायचीच ठरली तर माझं मत टेलीच्या बाजूने, ५५-२५० किंवा ७०-३०० च्या जातीची. दोन लेन्सच्या सेटमध्ये घेऊन कितीतरी लोकांनी ती न वापरता ठेवलेली असते, त्यामुळे जुनी चांगली मिळते. उरलेल्या पैशात भक्कम ट्रायपॉड, पोलरायझर आणि प्रिंटा. लांबच्या लेन्सला हवा स्वच्छ लागते. पाऊस उघडल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. फेब्रुवारीनंतर धूळ आणि उसाचा पाला जाळल्याचा धूर चढतो, दुपारच्या झळांनी लांबचं सगळं थरथरतं, तेव्हा सकाळी लवकर जा. धोधो पावसात टेली काही कामाची नाही, पांढऱ्या पडद्यापलीकडे ती बघू शकत नाही. पाऊस थांबून धुकं फाटायला लागतं तो वेळ तिचा.

जुनी लेन्स घेताना दोन्ही टोपणं काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, पैसे परत खिशात घाला. खानापूरच्या पावसात चांगली लेन्सही बिघडते. जून ते सप्टेंबर बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांनी ओल धरली की त्या वाळवून परत आत.

तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल लिहायचं राहिलं. गोकाकचा धबधबा, घटप्रभा पूर्ण भरलेली, लाल-तपकिरी पाणी कड्यावरून कोसळतंय. पाणी रेशमासारखं आलं नाही म्हणून तुम्ही तो नापास केलाय. कशासाठी? पन्नासेक मीटरवरून असं गढूळ पाणी आदळतं तेव्हा त्यात रेशीम काहीच नसतं. तुमच्या जलद शटरने पाण्याचे गोळे सुटे सुटे दिसताहेत, वजन दिसतंय. हिवाळ्यात धार बारीक झाली की पाव सेकंद ठेवून बघा, तेव्हा शोभेल. ट्रायपॉड मात्र खडकावर ठेवा. धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावर कुणी चाललं की पूल हलतो आणि लांब एक्स्पोजर वाया जातं.

प्रदर्शनाला द्या, गप्प बसू नका. हाच गोकाकचा फोटो द्या, मॅट कागदावर, १२ बाय १८. खाली "निसर्गाची किमया" असलं काही लिहू नका. जागेचं नाव आणि महिना पुरे. भातलावणीचा आत्ता नको, तो पुढच्या जुलैत पुन्हा काढायचा आहे. सर विचारतील, कोणत्या लेन्सने काढलास? सांगून टाका, किट लेन्स, १८-५५.